खांबात गेलेली एक बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझ्या अंगावरच्या पोच्यांची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका दुपारची.

पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने मला ठोकून घडवलं आणि मी मिस्त्रींच्या हाती पडले. काँक्रीट कालवताना वर्षानुवर्षं त्यांचं एकच म्हणणं, "घट्ट वाटतंय, ओत अजून बादलीभर." मग माल सरसर पसरायचा, सगळे खूश, आणि माझा तोरा तर विचारूच नका!

पुढे कामावर काँक्रीटमध्ये घालायचं एक तपकिरी औषध आलं. मिस्त्रींची भाची तिथे काँक्रीट तपासायच्या नोकरीवर नुकतीच लागली होती. ती म्हणाली, "मामा, हे मापभर घातलं की कमी पाण्यातही माल सैल होतो. जास्तीचं पाणी मागाहून उडून जातं आणि आत बारीक भोकं राहून काँक्रीट कमजोर होतं. बादली आता लांबच ठेव." माझी रवानगी कोपऱ्यात झाली. मला फार झोंबलं.

खांब भरायच्या दिवशी तिने औषध मोजून घातलं आणि ती नमुन्याच्या ठोकळ्यांचे साचे आणायला गेली. मिस्त्रींना राहवलं नाही. इकडेतिकडे बघत त्यांनी मला पाण्याने भरून उचललं आणि मिक्सरमध्ये उपडं केलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? भाची परतली आणि माल बघून हरखली.

"बघ मामा, औषध कसं लागू पडलं!"

मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसले. त्याच मालाचे तिने तपासणीसाठी ठोकळे भरले.

सातव्या दिवशी दुपारी दाबयंत्राखाली ते ठोकळे फारच लवकर फुटले. कामावरचे साहेब भाचीवर कडाडले, "औषधाचं माप चुकलं तुझं! खांब तोडावे लागणार. उद्यापासून येऊ नकोस." मिस्त्री तिथेच मला घासत होते. ते घासतच राहिले.

"चुकलं असेल," ती पुटपुटली. मग संध्याकाळपर्यंत ती मापात पाणी भरून पुन्हा पुन्हा तोलत बसली. पाणी माझ्यातूनच घेत होती. दर वेळी माप बरोबर येई, तरी ती पुन्हा भरी. मला बोलता येत नाही. मिस्त्रींना येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहिले. "पाणी मी ओतलं होतं, साहेब. पोरीची काही चूक नाही." साहेबांनी भाचीला परत बोलावलं. खांब मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने फोडले.

तिने एवढंच विचारलं, "मामा, काल का नाही बोललास?"

मित्रांनो, चूक झाली तर तिथल्या तिथे कबूल करा, दुसऱ्यावर आळ येईपर्यंत थांबू नका. आळ आल्यावरही आम्ही एक दिवस उशीर केला. तिची नोकरी राहिली, पण अजूनही औषध ओतण्याआधी ती माप तीनतीनदा तपासते.