उसना दिलेला रणगाडा

कुप्रेसच्या पठारावर युद्धाच्या सिनेमाचं शूटिंग चाललं आहे, त्यात सैन्याचे खरे रणगाडे आहेत आणि त्यातला एक आपला ओग्नेन चालवतो, हे स्तानाने गिरणीत सांगितलं, दुकानात सांगितलं, रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले. पण तिने का थांबावं? विधवेने एकटीने वाढवलेलं पोर सैन्यात गेलं आणि थेट रणगाड्यात जाऊन बसलं.

त्या रणगाड्याची ती फार जुन्या काळापासून वाट बघत होती. युद्धात, पोरसवदा वयात, ती जर्मनांशी गनिमी लढाई करणाऱ्या पार्टिझान तुकडीबरोबर याच पठारावर चर खणून पडली होती. समोरून जर्मन रणगाडे आले. आपल्याकडे बंदुका होत्या, पेट्रोलच्या बाटल्या होत्या. रणगाडा औषधालाही नव्हता. तिचा भाऊ वीद त्या दिवशी चरातच गेला. चराच्या काठाशी त्याच्या नावाचा एक दगड आहे. ओग्नेन लहान असल्यापासून ती त्याला दर वसंतात तिथे नेई आणि बजावी, दगडावर पाय पडू देऊ नकोस.

सिनेमावाल्यांनी तेच जुने चर साफ करून घेतले आणि पार्टिझान म्हणून गावातल्याच जुन्या लढवय्यांना उभं केलं. शेजारच्या आव्दोच्या हाती त्यांनी शारत्स दिली. जर्मनांकडून हिसकावलेल्या या मशीनगनला पार्टिझानांनी ठिपकेदार घोड्याचं नाव दिलं होतं. आव्दो तेव्हाही तीच वागवायचा आणि गोळ्यांचे पट्टे स्ताना पुरवायची. आजही पट्टे तिच्याच गळ्यात होते. रुमालात मुलासाठी पिता, म्हणजे चीज भरून भाजलेली पोळी, बांधून आणली होती, ती वेगळीच.

रणगाडे रांगेत उभे होते. स्ताना आपल्या सैन्याचा लाल तारा शोधत पुढे गेली आणि जागीच थबकली. साऱ्या रणगाड्यांवर काळे क्रूस रंगवलेले होते.

"आई," पुढच्या झडपेतून ओग्नेनने डोकं काढलं. त्याची नजर खाली होती. "तुला सांगायचं धाडस झालं नाही. खरे जर्मन रणगाडे आणायचे कुठून? आमच्याच रणगाड्यांना फळ्या आणि पत्रे ठोकून जर्मनांचे टायगर रणगाडे केलं. वरून हुकूम आला."

मागून आव्दो आलाच. "वहिनी, गावभर पेढे वाटल्यासारखं सांगत होतीस. पोरगं जर्मन निघालं की गं तुझं."

"तोंड आवर, आव्दो," ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. पोळीची पुरचुंडी मुलाच्या हातात देऊन ती चरात येऊन बसली.

प्रसंग साधा होता. रणगाडे चालून येणार, पार्टिझान शस्त्रं टाकून मागच्या जंगलात पळणार. इशारा झाला, धूर सुटला, क्रूसवाले रणगाडे घरघरत आले. चरातला एकही माणूस हलला नाही. आव्दो तर शारत्स रोखून दात-ओठ खात बसला होता. सगळ्यात पुढे असलेल्या ओग्नेनने चराच्या तोंडाशी करकचून ब्रेक लावला.

बेलग्रेडहून आलेला दिग्दर्शक धावत आला. "काका, पळायचं होतं!"

"इथून आम्ही पळालो नव्हतो," आव्दो म्हणाला. "आणि शारत्स टाकून? तुमच्या सिनेमासाठी मी माझं नाक कापून घेऊ काय?"

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही रणगाडा थांबला, तेव्हा दिग्दर्शक वैतागून अधिकाऱ्याला म्हणाला, "हा चालक भित्रा आहे. दुसरा कुणी बसवा."

ते स्तानाच्या कानावर पडलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. भित्रा? तिचा ओग्नेन? ती चरात उभी राहिली.

"ऐका रे सगळ्यांनी. तो क्रूस पत्र्यावर आहे. आत आपलं पोर आहे. जर्मनापासून पळायचं नाही, हे मलाही कळतं. पण आपला रणगाडा येत असेल तर बाजूला होऊन वाट द्यायला कुणाची लाज जाते? त्या दिवशी एका रणगाड्यासाठी आपण तळमळत होतो. आज आपल्याकडे इतके झालेत, की जर्मनांनाही उसने दिलेत!"

मग आव्दो खदखदून हसला. "उसने दिलेत! हे मात्र पटलं. पण शारत्स मी टाकणार नाही."

"टाकू नको. घेऊन पळ."

त्यांनी वाट दिली. पळताना सगळे इतके हसत होते, की दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत राहिला, रडवेले व्हा, रडवेले व्हा. स्तानाने मागे वळून पाहिलं नाही. पट्टे सावरत पळण्याचं वय आता राहिलं नव्हतं.

हिवाळ्यात सिनेमा गावच्या सभागृहात लागला. शहरातून एक पाहुणे साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले होते. पडद्यावर भेसूर वाद्यं वाजू लागली, धुरातून जर्मन रणगाडे निघाले आणि सबंध सभागृह उभं राहून टाळ्या पिटू लागलं.

साहेब गोंधळून मागे वळले. "अहो, ते जर्मन आहेत."

"पत्रा जर्मन आहे, साहेब," आव्दो म्हणाला. "आतलं आमचं आहे."

स्ताना टाळ्या वाजवत नव्हती. तिने हे आजवर पाहिलंच नव्हतं. शूटिंगच्या वेळी तिची पाठ रणगाड्यांकडे होती. पुढचा रणगाडा चरापाशी आला, त्याच्या चाकांवरचा पट्टा नेमका दगडाच्या रोखाने निघाला. तिने श्वास रोखला. रणगाडा अडखळला, जड अंगाने डावीकडे सरकला, दगडाला वळसा घातला आणि मगच चर ओलांडून पुढे गेला.

टाळ्या थांबल्या. प्रत्येकाला तो दगड माहीत होता.

"आता का बरं वळला तो?" साहेबांनी विचारलं.

आव्दोने टोपी काढली.

"तिथे त्याचा मामा आहे," स्ताना म्हणाली आणि मग एकटीच उभी राहून टाळ्या वाजवू लागली.