रोशनची निळी टोपी आणि डोक्यावरची रोवणी

मित्रांनो, मी निळी टोपी. वय फार नाही माझे, पण उन्हाने रंग उडाला आणि पुढचा पुठ्ठा वाकला, म्हणून जुनीच म्हणा. मला कोणी शिवले ते आठवत नाही. आठवते ती कोहमाऱ्याच्या चौकातली हातगाडी. तिथल्या ढिगातून रोशनने मला उचलले आणि आरशात न पाहताच डोक्यावर चढवले.

रोशन तेव्हा पंचविशीत होता. घरची धानाची शेती इटियाडोह धरणाच्या नहरावर, आणि तो स्वतः कोहमाऱ्याला ट्रकचे टायर दुरुस्त करायचा. त्याचे केस कपाळापासून मागे हटत टाळूपर्यंत गेले होते. जेवताना तो मला काढत नसे, फोटोतही नाही. नागऱ्याच्या महादेवापुढे काढावे लागले, तर पठ्ठ्याने लगेच रुमाल बांधला. लोक म्हणत, "रोशनले टोपी शोभते." मी फुगून जायची. त्याला माझी हौस नव्हती, गरज होती, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

एक दिवस मोबाइलवर जाहिरात आली, एका दिवसात पाच हजार केस! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. रोशन गोंदियाला निघाला. त्याची आई भागीरथा म्हणाली, "मलेबी ने." रोवणीत, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्यात, भागीरथाचा हात साऱ्या गावात पहिला.

काचेचे दार, थंडगार खोली, पांढरा कोट घातलेली मुलगी. "सर, लेटेस्ट मशीन है. आज ही बुक कर दीजिए." रोशनने फोन काढलाच होता.

"थांब," भागीरथा म्हणाली. "बाई, हे केस आणता कुठून?"

"पीछे से, आंटीजी. वहाँ के बाल झड़ते नहीं."

"मंजे मांगच्या वाफ्यातले पऱ्हे उपटून समोरच्या बांधीत रोवता." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपे, बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. "रोवणार कोण? डाक्टर का मजूर?"

"हमारी टीम है ना."

"डाक्टर कुठी आहे?"

"वो बाहर रहते हैं. उस दिन आएँगे."

"येकाच दिवशी पाच हजार उपटले तं वाफ्यात राहीन काय? आन उपटलेला पऱ्हा किती वेळ बाहीर पडून राहते?"

मुलीने बुकिंगचा कागद पुढे सरकवला. भागीरथाने लेकाला हाताला धरून बाहेर काढले.

"माय, हे काय धान आहे का? तुले समजते काय त्यातलं?" रोशन ओरडला. बसमध्ये त्याने मला डोळ्यांपर्यंत ओढून घेतले. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मला आनंद झाला होता. माझी नोकरी वाचली होती.

पण भागीरथा गप्प बसणारी नव्हती. रोवणारी बाई कशी आहे ते तिच्या बोलण्यावरून नाही, तिने रोवलेल्या बांधीवरून ओळखायचे, ही तिची रीत. ती म्हणाली, "ज्याची रोवणी झाली, त्याचा डोस्का पाहू." रोशनच्या दुकानात मनिराम नावाचा ड्रायव्हर यायचा. त्याने तीन वर्षांपूर्वी केस लावले होते. भागीरथाने त्याला उन्हात बसवून उवा शोधाव्यात तसे सगळे डोके चाळून पाहिले. मनिराम लाजून अर्धा झाला. नागपूरच्या डॉक्टर प्रेरणा मॅडमचा पत्ता त्यानेच दिला.

मॅडमनी भिंगातून डोके तपासले तेव्हा मी रोशनच्या मांडीवर होते. त्या म्हणाल्या, "दोन पद्धती आहेत. एफयूटीत मागून कातडीची पट्टी काढतो. केस चांगले मिळतात, पण आडवी रेघ राहते. एफयूईत एकेक मूळ काढतो. रेघ नाही, बारीक ठिपके राहतात."

भागीरथाने विचारले, "घरात कोणी गेलं तं डोस्का भादरा लागते. तवा रेघ दिसंन का?"

"दिसेल."

रोशनने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. कोणाच्या जाण्याचे ती बोलते आहे ते त्याला कळले होते. तो हळूच म्हणाला, "एफयूईच करा, मॅडम."

"मुळे मी काढते, छेद मी करते. बसवायला माझ्या हाताखालच्या मुली असतात, पण मी तिथून हलत नाही. आणि आधी वर्षभर औषध. गळती थांबली तरच पुढे." मग मॅडमनी एका माणसाचा फोटो दाखवला, ज्याचे त्यांनीच लावलेले केस नीट धरले नव्हते.

भागीरथा लेकाला म्हणाली, "आपली बिघडलेली बांधीबी दाखवली बाईनं. इथंच करू."

वर्षाने ते काम झाले. टोपी काही दिवस बंद, म्हणून मी खुंटीवर. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागले. रोशन रडकुंडीला आला, त्याने माझ्याकडे हात नेला.

"काऊन घाबरून राहिला?" भागीरथा म्हणाली. "रोवलेला पऱ्हा आधी पिवळा पडतेच. मुळं आहेत न आत? मॅडमनं सांगतलं होतं. थांब जरासा."

हात मागे गेला. त्यानंतर महिनोन्महिने माझी कोणी आठवण काढली नाही. कोळ्याने माझ्यात घर केले. रोशनच्या कपाळावर बारीक केस उगवताना मी खुंटीवरून पाहत होते, आणि खरे सांगते, जळत होते.

यंदा रोवणीला कडक उघाड पडली. भागीरथा शेतावर निघाली तेव्हा रोशनने मला काढले, झटकले आणि तिच्या पदरावर बसवले.

"हे तुही टोपी. मी कायले घालू?"

"ऊन लागते न, माय."

बांधीतल्या बाया पोट धरून हसल्या. पण भागीरथाने मला दिवसभर काढले नाही. दुपारी पदर घसरला, मी तिच्या डोक्याला टेकले आणि मला कळले, पऱ्ह्यांच्या ओल्या पेंढ्या वर्षानुवर्षे डोक्यावर वाहून तिच्या टाळूवरचे केस कधीच झडून गेले होते. चार वर्षे त्या घरात केसांशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि हे डोके कोणी पाहिलेच नव्हते.

मित्रांनो, आपल्या डोक्याची काळजी घ्या, डॉक्टर पारखून घ्या, घाई करू नका. आणि तुमच्यासाठी जे माणूस चारचौघांत प्रश्न विचारते, त्याच्या डोक्यावर ऊन आहे का, तेवढे पाहा.