ग्रंथालयातलं कुलूप

पाणी न पिता घराबाहेर पडायचं, हे मी इतक्या सफाईनं करत होतो की कुणाला कळत नसेल असं मला वाटायचं. बायकोला कळत होतं.

"अहो, ग्रंथालयात जाणं का सोडलंत?"

"तिथं नवीन पुस्तकं येत नाहीत हल्ली."

"जुनी तरी कुठं संपली होती तुमची?"

खरं कारण सांगायला जीभ रेटेना. तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली ग्रंथपालबाईंकडे. लेकीच्या वयाच्या बाईंपुढे हात पसरून ती मागायची, तीही तासातासाला? त्यापेक्षा घरातलीच पुस्तकं पुन्हा वाचावीत, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती काही नीट पटली नव्हती.

मग ज्येष्ठांना काय हवं हे विचारायला नगरसेविकेनं नेमकी ग्रंथालयातच सभा ठेवली. बायकोनं मला ओढत नेलं. कुणी बाकं मागितली, कुणी रस्ता ओलांडायला जास्त वेळ. एकानं बागेत कारंजं मागितलं. कारंज्याचं नाव निघालं आणि माझा धीर सुटला. गुपचूप सटकायला मी उठलो.

"हं, बोला काका!" नगरसेविकेनं माइक माझ्या हातात दिला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. थाप मारायलाही सवड नव्हती.

"मला स्वच्छतागृहाची किल्ली हवी," मी म्हणालो. "आत्ता."

आता तोंड कुठं लपवावं? तेवढ्यात मागून आमच्या शेजारचा म्हातारा शिंपी ओरडला, "थांब रे, मीपण येतो! केव्हाचा कळ दाबून बसलोय!"

हशा पिकला. आणखी तिघे उठले.

"आणि बायकांची किल्ली?" माझी बायको कडाडली. "मी काय हौसेनं अर्धा बाजार टाकून घरी पळत येते?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे मला कधीच कळलं नव्हतं.

ग्रंथपालबाई किल्ल्या घेऊन धावल्या. "काका, आधी का नाही सांगितलंत? मुलं नळ उघडे टाकतात, म्हणून कुलूप लावलं होतं हो!"

त्याच आठवड्यात कुलूप निघालं. बाजारातल्या औषधवाल्यानं आणि चष्मेवाल्यानंही पाट्या लावल्या: 'ज्येष्ठांनी स्वच्छतागृह वापरावं. खरेदीची अट नाही.'

आज ग्रंथालयात निघालो, तर बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला. मी सवयीनं मान हलवली.

"प्या हो. आता कसली भीती?"

मी पेला एका दमात संपवला आणि आणखी मागितला.

"बेतानं," ती म्हणाली. "मलाही ठेवा. मीपण निघालेय."