तिंबलेली पेस्ट्री

राजुरीत कुणाच्याही लग्नात पुरणपोळ्यांची कणीक तिंबायला प्रयागबाईंना बोलावणं यायचं. आलं नाही, तर ते घर त्यांच्या मनातल्या खात्यात नावे पडायचं आणि पुढे त्या घरच्या बारशाला त्या अंमळ उशिराच पोचायच्या. माणसांचा असा हिशेब ठेवायला त्यांना कागद लागत नसे.

त्या दिवशीचा हिशेब मात्र मोठा होता. सून समृद्धी आंब्याच्या पेस्ट्र्या करणार होती आणि त्या चाखायला जुन्नरहून वैजयंती येणार होती. वैजयंती म्हणजे प्रयागबाईंची नणंद. जुन्नरच्या पेठेत तिची बेकरी. माल पसंत पडला, तर तो बेकरीत विकायला ठेवते म्हणाली होती. म्हणजे समृद्धीला गावातच काम मिळालं असतं. नाही मिळालं, तर मुलगा सुदर्शन बायकोला घेऊन चाकणला, त्याच्या कंपनीजवळ खोली करणार होता. हे त्यानं जेवताना सहज म्हणून सांगितलं होतं. आपलं पोरगं सहज म्हणून सांगतं ते हमखास करतं, हे आईला ठाऊक होतं.

सकाळी समृद्धीनं मैद्यात गार लोण्याचे तुकडे चुरले, बर्फाचं पाणी शिंपडलं, गोळा कसाबसा जमवून प्लास्टिकात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवून ती केस धुवायला गेली.

प्रयागबाई फ्रिजमधून दूध काढायला गेल्या, तर गोळा हाताला लागला. उघडून बघतात तो काय, कोरडा, भेगाळलेला, मध्ये लोण्याच्या गाठी तशाच. त्यांचा जीव चुकचुकला. शिकलेली पोर, पण पीठ मळायचा कंटाळा. हे नणंदेच्या पुढ्यात गेलं, तर वयनीच्या सुनेला कणीक येत न्हाई म्हणून ती तालुकाभर सांगणार. बोलून पोरीला दुखवण्यापेक्षा मुकाट निस्तरलेलं बरं. त्यांनी कोमट दुधाचा हात लावला, गाठी मोडल्या, करंजीच्या पिठासारखं वरवंट्यानं चांगलं कुटलं आणि गोळा तुळतुळीत झाल्यावर होता तसा गुंडाळून ठेवला. सुनेवर एक उपकार जमा झाला. सांगायचा नाही, पण जमा.

समृद्धीनं गोळा काढला, बोटानं दाबला आणि थांबली. ओट्यावरचा ओला वरवंटा पाहिला. सासूकडे पाहिलं. प्रयागबाई लसूण सोलण्यात गढल्या होत्या. एसटीतून उतरले, असा वैजयंतीचा फोन येऊन गेला होता. नवं पीठ करायला वेळ नव्हता. तिनं तोच गोळा लाटायला घेतला, साखर-वेलदोड्यात आटवलेला हापूस भरला, कडा काट्यानं दाबल्या आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

वैजयंतीनं चहाबरोबर एक उचलली. चावली. तुटेना म्हणून दुसऱ्या बाजूनं चावली.

"आतला आंबा लई झ्याक," ती म्हणाली. "पण वरचं हे शंकरपाळ्याच्या वरताण झालंय गं. बेकरीत शेजारी दाताचा डॉक्टर बसवू का?"

समृद्धी खाली मान घालून म्हणाली, "पीठ जास्त मळलं गेलं, आत्या. माझ्याच हातून. लोणी पिठात मुरू द्यायचं नसतं. त्याचे तुकडे गार राहिले, तरच पदर सुटतात."

प्रयागबाईंचा कप ओठाशीच राहिला. म्हणजे त्या गाठी मुद्दाम होत्या. आणि पोरीला सगळं कळूनही ती सासूचं नाव घेत नव्हती. सकाळी जमा धरलेला उपकार एका दमात पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. आता गप्प राहिलं, तर राजुरीतलं नाव शाबूत आणि मुलगा-सुनेच्या वरच्या खोलीला कुलूप. बोललं, तर नणंदेला जन्मभर पुरेल एवढा विषय. वैजयंती पर्स उचलून उठायच्या बेतात होती.

"बसा वन्सं," प्रयागबाई म्हणाल्या. "पोरीचं पीठ बरोबर व्हतं. मी तिंबलं ते. तिला न इचारता."

समृद्धी असू द्या आई असं काहीसं पुटपुटली. वैजयंतीनं पर्स परत मांडीवर घेतली. तिच्या तोंडावर सणासुदीचं तेज चढलं.

"म्हंजी वयनी, तुमच्या हातनंबी पीठ बिघडतं?"

"बिघडलं की. तुमीच खाल्लं आत्ता."

वैजयंतीनं हसायला बराच वेळ घेतला. मग तिनं ठरवलं, की आपण नंतरच्या एसटीनं जाऊ, पोरीनं आपल्यापुढं नवं पीठ करावं आणि वयनींनी तोवर अंगणात बसावं. प्रयागबाई खरंच जाऊन बसल्या. पीठ गार व्हायला वेळ लागला, भाजायला आणखी. मग लोण्याचा वास बाहेर आला, त्यामागून कुरकुर ऐकू आली आणि नंतर नुसती शांतता. नणंदेचं तोंड बंद, म्हणजे ते भरलेलं असणार. येत्या बाजाराला दोन ट्रे घेऊन ये, असं ती आतून बोलली, तेव्हा कुठे प्रयागबाईंनी पाय लांब केले.

एसटीपर्यंत पोचवायला त्याच गेल्या. थांब्यावरच्या बाकावर ओळखीची एक बाई भेटली आणि वैजयंतीनं तिला सगळं पहिल्यापासून, तिखटमीठ लावून सांगायला घेतलं. प्रयागबाईंनी अडवलं नाही. हातवारे करता करता नणंदेच्या मांडीवरचा पेस्ट्र्यांचा डबा कलला होता. तेवढा त्यांनी हात लांबवून सरळ केला.