कापलेली तुळई

रुहीचं लग्न उद्यावर आलं होतं. सगळे सजावटीत गुंतले होते; एकटी गिरिजा मात्र कोठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

ही जागा तिनेच सुचवलेली. स्टेट कॉलेज या गावच्या विद्यापीठात ती शेतावरच्या जुन्या इमारतींवर पीएचडी करत होती, आणि इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या गावच्या पद्धतीने इथे अमेरिकेत बांधलेली लाकडी कोठारं तिच्या खास जिव्हाळ्याची. तीन खण. एका अंगाला गवत, दुसऱ्या अंगाला धान्य, मधे मळणीची जागा. मधल्या खणाला समोरासमोर दोन प्रचंड दारं, म्हणजे वारा आरपार वाहावा आणि उफणताना भुसा उडून जावा. गेल्या वर्षी तिने फोटो पाठवले, तेव्हा एडिसनहून रुहीचा लगेच फोन आला होता, "गिरिजाताई, डन! लग्न इथेच."

पण फोटोत दिसणारी एक तुळई आता जागेवर नव्हती. मळणीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या दोन आडव्या तुळया होत्या. त्यातली एक गायब होती आणि तिथे भलंमोठं झुंबर लटकत होतं.

गिरिजाने सजावटवाल्यांची शिडी मागून घेतली. झेंडूच्या माळेचा उरलेला दोरा खांबाच्या डोक्यापाशी बांधला आणि खाली बॅगेचं छोटं कुलूप लटकवलं. दोरा सरळ उतरला, खांब नाही. वरून तो चांगला वीतभर बाहेर झुकला होता. तिथल्या जोडाच्या खाचेतून छपराच्या लाकडाचं टोक सरकलं होतं, आणि इतकी वर्षं आत लपलेला त्याचा फिकट पट्टा उघडा पडला होता. मोबाइलवरच्या जुन्या फोटोत खांब सरळ होता.

"तुळई कधी काढली?" तिने मालकाला, ग्लेनला विचारलं.

"मार्चमध्ये. कसं मोकळं वाटतं ना? काळजी करू नका, गेल्या हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं, छप्पर हललं नाही."

"तेव्हा तुळई होती," गिरिजा म्हणाली.

ग्लेनने मान वर करून झुंबराकडे पाहिलं.

सुलेखामावशी, रुहीची आई, ताटात हळदकुंकू घेऊन आत येत होती. गिरिजाने सांगितलं तसं तिने ताट खाली ठेवलं.

"आज सांगतेस हे? पाहुणे विमानात बसलेत, गिरिजा!"

"मावशी, मी आजच बघितलं."

"शुअर आहेस?" मागून रुहीने विचारलं. "पडणारच?"

"नाही. पडेलच असं नाही सांगू शकत. पण उद्या भिंती ताणलेल्या असताना सगळे एकदम नाचायला लागले, तर मी आत उभी राहणार नाही."

रुहीने वर पाहिलं, मग आईकडे. "मग मीही नाही. बाहेर करू."

दुसऱ्या दिवशी कुरणात असा वारा सुटला की अंतरपाट धरायला चौघं लागले आणि होम तीनदा विझला. गिरिजाच्या हातून अक्षता कधी पडल्या, तिचं तिलाच कळलं नाही. डोळे सगळा वेळ त्या छपराकडे. कोठार जागचं हललं नाही. चिखलाने भरलेला शालूचा काठ उचलत मावशी तिच्याजवळून गेली.

"उभं आहे की गं अजून," ती म्हणाली.

 परतीच्या वाटेवर गिरिजा एकटीच गाडी चालवत होती आणि दर वळणावर तिला वाटत होतं, आपण उगाच एका मुलीचं लग्न वाऱ्यावर सोडलं.

त्या आठवड्यात ग्लेनने इंजिनिअर आणला. मग ग्लेनचाच गिरिजाला फोन आला.

"पडलं असतं का, हे तोही सांगत नाही. पण माणसं आत सोडायला नको होती म्हणाला. कुलूप लावलंय. पोलादी दोर लावून भिंती आत खेचणार."

गिरिजाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. ग्लेनला स्पीकरवर ठेवून तिने मावशीला कळवायला मेसेज उघडला, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.

"अजून एक," ग्लेन चाचरत म्हणाला. "पलीकडच्या टेकडीवरच्या शेजाऱ्यांना माझं बघून आवडलं. त्यांनीही मे महिन्यात तुळई काढली. शनिवारी त्यांच्याकडे पार्टी आहे."

"पत्ता पाठवा," गिरिजा म्हणाली, आणि ग्लेन पुढे काही बोलायच्या आत गाडीची किल्ली उचलून घराचा जिना उतरायला लागली.