उत्तमचा डावा हात

मित्रांनो, ओमानमधल्या खाबुऱ्याच्या बाजारात हुसैनमियाँचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. आत शिरलात की समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, एका खिळ्यावर मी टांगलेली दिसेन. झाडावर चढून वापरायची, पेट्रोलवर चालणारी छोटी करवत. माझा केशरी रंग उडाला आहे, पात्यावर गंजाचे ठिपके आहेत, आणि कापायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. तरीही आठवड्यातून एकदा तरी मला कोणीतरी खाली काढतं. ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. लांब टेबलावर पुष्कळ हातांनी मला जोडलं, एकदा सुरू करून पाहिलं, पुसलं आणि खोक्यात घातलं. खोकं पुन्हा उघडलं ते १९९८ साली, ओमानमध्ये, हुसैनमियाँच्या हातांनी. मियाँ मूळचे रत्नागिरीकडचे. अंगानं भरलेले, चालताना धापा टाकणारे, पण यंत्राचा स्क्रू फिरवताना त्यांची बोटं सोनाराची होत.

माझी ठेवण तुम्हांला सांगायला हवी. मोठ्या करवतींची मूठ मागे, शेपटीकडे असते. माझी मुख्य मूठ माझ्या पाठीवर आहे. उजव्या हातानं ती धरली की मी माणसाच्या अंगालगत राहते आणि फांद्यांच्या दाटीत मावते. दुसरी मूठ बाजूला आहे, ती डाव्या हातासाठी. त्या डाव्या मुठीवर कारखान्यानं एक चित्र चिकटवलं होतं. दोन मुठी, आणि त्या धरलेले दोन हात. एवढंच चित्र, पण ते ध्यानात ठेवा.

त्या वर्षांत ओमानच्या बातिना किनाऱ्यावरची आंब्याची झाडं एकाएकी वाळू लागली होती. तिथला एक बागमालक सैफ, ज्याला सगळे अर्बाब म्हणजे मालक म्हणत, त्याच्या अंगणातल्या आंब्याच्याही वरच्या फांद्या सुकल्या. झाडाखाली त्याच्या म्हाताऱ्या आईची बसायची चटई होती. म्हातारी चटई हलवायला तयार नव्हती, आणि झाड मुळापासून तोडायला तर मुळीच नाही. तेव्हा अर्बाबनं आपल्या बागेत काम करणाऱ्या उत्तमला करवत आणायला पाठवलं.

उत्तम गुहागरचा. शिडशिडीत, काळासावळा, बोलायला कमी. बारा वर्षांचा असल्यापासून माडावर चढणारा. त्यानं दुकानात येताच कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या करवतीला हात लावला.

"ही द्या, मियाँ."

"ही घेऊन झाडावर चढणार?"

"मग?"

"मग खाली कोण येणार? ती, का तू?"

मियाँनी मला पुढे केलं. उत्तमनं मला उचललं आणि तो म्हणाला, "ही तर खेळण्यातली वाटते. बरं, हिला बार तरी लांब बसवा. सोळा इंची."

बार म्हणजे माझं लांब पातं. त्याच्या कडेच्या खाचेतून दातांची चेन फिरते. मियाँनी वाद घातला नाही. सोळा इंची बार बसवून त्यांनी मला उत्तमच्या हातात दिलं. "हात लांब करून धर. मी चहा संपवतो, तोवर."

मियाँनी चहा फुंकर घालत, अगदी सावकाश प्यायला. अर्धा कप होईपर्यंत माझं टोक खाली झुकलं. कप संपला तेव्हा उत्तमचा दंड थरथरत होता.

"झाडावर असाच अर्धा दिवस काढायचा हाय," मियाँ म्हणाले. "जेवढा बार लांब, तेवढं टोक लांब. आणि ह्या यंत्राचा सगळा खोडसाळपणा टोकात असतो."

शेवटी बारा इंची बार ठरला. त्याला चेन निवडतानाही मियाँनी घाई केली नाही. दातांमधलं अंतर बारच्या टोकावरच्या चाकाशी जुळायला हवं, कड्यांची जाडी खाचेशी जुळायला हवी, आणि लांबी ठरवायची ती खाचेत बसणाऱ्या कड्या मोजून. त्यांनी कड्या दोनदा मोजल्या. दात बुटके घेतले, टोक अडकलं तरी करवत कमी उसळावी म्हणून. कमरेचा पट्टा आणि दोन दोर बरोबर दिले. "कापताना दोन्ही दोर बांधलेले हवेत. आणि खजुराच्या सालीत वाळू असते. तिथे चेन लागली की कानस मारूनच पुढचं काम."

उत्तमनं मान डोलावली. मी खुशीत निघाले.

पण मित्रांनो, पहिल्याच दिवशी झाडावर मला एक विचित्र गोष्ट कळली. उत्तमनं दोर बांधले, मला सुरू केलं, उजव्या हातात धरलं आणि डाव्या हातानं फांदीला मिठी मारली. माझी डावी मूठ रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मला समजलं की त्याला लांब बार का हवा होता. एका हातानं लटकून दुसऱ्या हातानं लांबवर कापायची सवय होती ती. माडावर कोयत्यानं असंच कापतात.

मी फांद्या कापत होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला तर चेन लाकडात शिरत नाही. लाकूड चेनला मागं ढकलतं आणि मी धरणाऱ्याच्या दिशेनं उसळते. डाव्या मुठीपुढे एक उभी ढाल आहे. डाव्या हातानं मूठ धरलेली असली तर उसळताना ढाल मनगटावर आपटते आणि चेन जागच्या जागी थांबते. पण तिथे मनगटच नव्हतं. ते फांदीवर होतं, नेमकं मी उसळले तर जिथे जाईन तिथे. मला ते ओरडून सांगायचं होतं. मला फक्त घरघर करता येत होती.

चार महिन्यांनी उत्तमनं मला सफाईसाठी दुकानात आणलं. मियाँनी चष्मा लावला, मला उलटंपालटं केलं आणि त्यांचा अंगठा थांबला. उजव्या मुठीचं रबर गुळगुळीत झालं होतं. डाव्या मुठीवर धूळ होती, आणि दोन हातांचं ते चित्र खोक्यातून काढल्यासारखं चकचकीत होतं.

"काय रे उत्तम, डावा हात गावाला ठेवून आलास काय?"

"नाय मियाँ. हातमोजा असतो ना, म्हणून झिजत नाय."

"उजव्याला मोजा नसतो?"

उत्तमनं बोटानं डाव्या मुठीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "मियाँ, एक हात झाडाला, एक कोयत्याला. बापानं तेच शिकवलं. झाडाचा हात सोडला की माणूस खाली येत नाय, त्याची बातमी येते."

"अरे मेल्या, कोयता उसळत नाय. ही उसळते. गावी बायको मैना हाय, पोरगी हाय. आकांक्षाला कडेवर घेशील ती एका हातानं?"

"कळतं हो मला," उत्तम हळूच म्हणाला. "पण हातच सुटत नाय. दोरीवर विश्वास बसत नाय त्याचा."

शुक्रवारी सकाळी मियाँ अर्बाबच्या अंगणात हजर झाले, आणि उत्तमकडून त्यांनी तोच पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून घेतला.

"मियाँ, तुम्ही?"

"माझं वजन पंच्याण्णव किलो. तुझं?"

"अठ्ठावन्न."

"मग आता हिशेब कर. यल्ला, ओढ."

दोर आंब्याच्या भक्कम फांदीवरून घेतलेला होता. उत्तम आणि अर्बाब दोघांनी मिळून ओढलं, आणि हुसैनमियाँ जमिनीपासून हातभर वर, पोत्यासारखे डुलू लागले. चटईवरची म्हातारी तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्बाब म्हणाला, "हुसैन, तुम आज बहुत अच्छा आम!" मियाँनी लटकल्या लटकल्याच काहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, मागितला. एका हातात काहव्याची वाटी, दुसऱ्या हातात खजूर, दोन्ही पाय हवेत. "बघ उत्तम. दोन्ही हात खायला लागलेत. पडलो मी?"

मग उत्तमची पाळी आली. जमिनीपासून वीतभर वर, जिथून पडला असता तर नुसता उभा राहिला असता, तिथे तो लटकला. तरी त्याचा डावा हात फांदी सोडेना. म्हातारीनं हसू थांबवलं. बऱ्याच वेळानं करंगळी सुटली. मग एकेक बोट. मग तो हात हवेत रिकामा राहिला आणि कुठे जावं ते त्याला कळेना. मियाँनी मला पुढे केलं, बंदच. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डाव्या मुठीला माणसाची ऊब लागली. बोटं एकेक करून तिच्याभोवती आवळली.

तसाच सराव दोन शुक्रवार चालला. तिसऱ्या शुक्रवारी, सगळ्यांना लांब उभं करून, उत्तम वर चढला. अंगणावरची शेवटची मोठी फांदी उरली होती. दोन दोर बांधून त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. पहिला काप नीट झाला. दुसऱ्या कापाला माझं टोक पानांआडच्या एका वाळक्या खुंटाला टेकलं, आणि ज्याला मी चार महिने भीत होते ते घडलं. मी उसळले. पण डावा हात माझ्या मुठीवर घट्ट होता. ढाल मनगटावर आपटली. चेन थांबली. माझं पातं जिथे पोहोचलं होतं तिथे फांदी होती, आणि त्या फांदीवर त्या दिवशी कोणाचाच हात नव्हता.

उत्तम त्या जागेकडे बघत राहिला.

"काय झालं रे? मशीन का थांबली?" खालून मियाँ ओरडले.

"थांबली," उत्तम म्हणाला. आणि मुठींवरच्या आपल्या हातांकडे बघत, "दोन्ही हात हायत, मियाँ."

"असायलाच पायजेत. मोजून पाठवलेत वर."

पुढची अकरा वर्षं आम्ही एकत्र काढली. खाबुऱ्याच्या बागा, इब्रामधलं एका अंगणातलं बोरीचं झाड, २००७ च्या वादळानंतर बौशरमध्ये अर्धवट मोडून लोंबणाऱ्या फांद्या. प्रत्येक झाडानंतर उत्तम मला पुसायचा, एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. माझे दात तो स्वतः घासायचा. काम नसेल त्या दिवसांत टाकीतलं पेट्रोल काढून ठेवायचा. अंगणातला आंबा जगला. म्हातारी शेवटपर्यंत त्याखालीच बसली.

२००९ मध्ये उत्तम कायमचा गावी गेला. मग माझे वाईट दिवस आले. नंतर आलेल्या माणसानं मला टाकीत पेट्रोल ठेवून पंपाच्या खोलीत टाकलं. ते पेट्रोल आतच सुकून चिकट झालं, चेन गंजली. दोन वर्षांनी अर्बाब सैफनं मला मियाँकडे आणून ठेवलं. "खलास?" त्यानं विचारलं.

मियाँनी चष्मा लावला. माझे सुटे भाग काढून घ्यावेत असंच बहुधा त्यांच्या मनात होतं. पण त्यांचा अंगठा पुन्हा त्याच जागी आला. डावी मूठ घासून पांढरी पडली होती. त्या चित्रातल्या दोन हातांची एक रेघही उरली नव्हती.

"खलास," मियाँ म्हणाले, आणि भिंतीवर खिळा ठोकायला हातोडी शोधू लागले.

आता नवा माणूस करवत घ्यायला आला आणि त्यानं लांब बार मागितला, की मियाँ आधी मला त्याच्या हातात देतात. "डाव्या मुठीवरून अंगठा फिरव. ही घासली गुहागरच्या माणसानं, त्याचे दोन्ही हात शाबूत हायत. त्याच हातांनी अजून मला फोन लावतो."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काम संपलं की आमचं तेल पुसा, दात घासा, पेट्रोल आत सुकू देऊ नका. आणि हत्याराला जेवढ्या मुठी असतील, तेवढे हात त्याला द्या.