पितळाची खोड

बावीस वर्षं इंग्रजांच्या युद्धनौका दुरुस्त करून वेलायुधनला एक खोड जडली होती. लोखंड दिसलं की खरवडायचं आणि पितळ दिसलं की चमकवायचं. फोरमन झाल्यावर हाताखालच्या माणसांनाही त्याने तेच शिकवलं.

मग इंग्रजांनी सिंगापुरातून आरमार काढून न्यायचं ठरवलं. बेटावर ना खाण, ना नाव घ्यावी अशी शेती. प्यायचं पाणीसुद्धा निम्मं पलीकडच्या देशातून नळाने यायचं. गोदी मात्र होती. ती आता व्यापारी जहाजं दुरुस्त करून स्वतःचं पोट स्वतः भरणार होती, आणि तिच्यावर पोट असलेली माणसं हजारोंनी होती.

पहिलं जहाज आलं ते गंजकं, मालवाहू, ग्रीक. त्याचा एजंट पानायोटिस पहिल्याच दिवशी बजावून गेला, "नवव्या दिवशी सकाळच्या भरतीला जहाज बाहेर हवं. नाही गेलं, तर आमची बाकीची जहाजं हाँगकाँगला जातील."

चौथ्या दिवशी तो पाहायला आला. कठड्याचं पितळ आरशासारखं लखलखत होतं. जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग, ज्यासाठी जहाज आलं होतं, ते अजून उघडलंही नव्हतं.

"राणी येणार आहे का बघायला?" तो पोट धरून हसला. "इंग्रज होते तोवर ठीक होतं रे. तुम्ही आपले मासे पकडा!"

वेलायुधनच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण चूक खरी होती आणि ती त्याचीच होती. त्याने पॉलिशचे डबे गोळा करून कपाटात घातले आणि कुलूप लावलं.

"आजपासून पितळाला जो हात लावेल, त्याची गाठ माझ्याशी आहे!"

"वा, अबांग!" जुमात फिटर म्हणाला. थोरल्या भावाला मलायी माणसं म्हणतात तसं तो त्याला अबांग म्हणे. "एका डागापायी माझा गाल लाल केला होतात, विसरलात?"

"नाही विसरलो. मीच शिकवलं, आता मीच मोडतोय. तो गाल घेऊन खाली चल, बेअरिंग उघडायचंय."

पाच दिवसांचं काम चार दिवसांत उरकलं. अर्धवट रंगवलेला नांगर तसाच राहिला. तो पाहून वेलायुधनचा जीव तुटत होता, पण त्याने ब्रशला हात लावू दिला नाही.

नवव्या दिवशी सकाळी भरती चढत होती आणि पानायोटिस दुरुस्तीच्या दाखल्याचा कागद पुढे करून उभा होता.

"यावर इंग्रज इंजिनिअरची सही आण."

"ते साहेब गेल्या आठवड्यातच विलायतेच्या बोटीत बसले. काम आम्ही केलंय, सही मी करतो."

"तुझ्या सहीवर मी जहाज समुद्रात घालू? वेडा आहेस का?"

बावीस वर्षं घाम गोदीतल्या माणसांनी गाळायचा आणि सही इंग्रजांनी ठोकायची, हेच चालत आलं होतं. खाली उतरायला वेलायुधनने बूट काढून ठेवले.

"मी खाली शाफ्टपाशी बसतो. काम कच्चं असेल तर बेअरिंग तापेल आणि माझा हात भाजेल. तुम्हीही चला की शेजारी, साहेब! का भीती वाटते?"

शंभर माणसं ऐकत होती. पानायोटिसला जावंच लागलं.

जहाज भरतीवर बाहेर पडलं. इंजिन पूर्ण वेगात धडधडत होतं आणि वेलायुधन उघडा तळवा बेअरिंगच्या लोखंडावर टेकवून बसला होता. पानायोटिसचा सदरा घामाने भिजून पाठीला चिकटला. तास झाला. लोखंड कोमटच होतं. शेवटी एजंटने स्वतःचा हात लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला आणि कागद पुढे केला.

वेलायुधनने ग्रीसने माखलेल्या बोटांनी, ठसठशीत मल्याळम अक्षरांत सही केली.

"हे काय गिचमिड?" पानायोटिस वैतागला. "वाचणार कोण हे?"

या वेळी वेलायुधनने त्याला साहेब म्हटलं नाही.

"शिकून घे," तो म्हणाला. "पुढच्या जहाजांच्या कागदांवरही हीच सही असणार."